सांगलीला एकच स्थानिक पेपर पुरे का?

गावभागकर

नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारी मंडळापुढे एक प्रस्ताव आलाय. वाचनालयात जिल्ह्याच्या बातम्या देणारी पाच-सहा दैनिकं येतात. त्यातलं सगळ्यात जास्त खपाचं एक ठेवायचं आणि बाकीची बंद करायची. अनुदान वेळेवर येत नाही, पेपरचं बिल थकतं, हे खरंच आहे. पण प्रस्ताव मांडणाऱ्यांचा भर पैशावर नाही. ते म्हणतात, "सगळ्यांत तेच तर असतं, एक वाचला काय न् पाच वाचले काय." मला हे अजिबात पटत नाही. बैठकीत नीट मांडता यावं म्हणून इथे विचारतोय. पुण्या-मुंबईच्या बातम्यांचा हा विषय नाही, फक्त आपल्या गावच्या आणि जिल्ह्याच्या बातम्यांचा आहे.

माझं म्हणणं आधी सांगतो. दुसरं मत वाचायला मिळावं म्हणून दुसरा पेपर हवा, असं लोक सहसा म्हणतात. मतांना आज तोटा नाही. दुसरा पेपर हवा तो पहिल्याला बातमी दाबता येऊ नये म्हणून.

साखर कारखान्याची वार्षिक सभा घ्या. जिल्ह्यातल्या पेपरांना जाहिराती कोण देतं? कारखाने, बँका, पतसंस्था, शिक्षणसंस्था आणि नेत्यांचे वाढदिवस. ज्या पेपरात चेअरमनच्या वाढदिवसाची चार पानी पुरवणी निघते, त्यात सभेची बातमी बहुतेक वेळा "सभा खेळीमेळीत, सर्व विषय एकमताने मंजूर" अशीच येते. त्याच सभेत एखाद्या सभासदाने उसाच्या बिलाचं विचारलं, काट्याचं विचारलं, त्याच्या हातातला माईक काढून घेतला आणि "मंजूर, मंजूर" म्हणत सभा गुंडाळली, हे दुसऱ्या पेपरात येतं. दुसरा काही जास्त तत्त्वाचा असतो असं मी म्हणत नाही. त्याला या कारखान्याची जाहिरात नसते, शेजारच्या कारखान्याची असते. शेजारच्या सभेला दोघांच्या जागा बदलतात. पण दोन्ही ठिकाणी प्रश्न विचारणारा सभासद कुठेतरी छापला जातो. एकच पेपर उरला तर तो कुठेच छापला जाणार नाही.

तुमचे अनुभव लिहा, विरोधातले असले तरी.

जुना बातमीदार

धागा फार महत्त्वाचा आहे. मी बरीच वर्षं या जिल्ह्यात बातमीदारी केली, आता निवृत्त आहे. बाहेरच्याला दिसत नाही अशी एक गोष्ट सांगतो.

सकाळी उठल्यावर आमचं पहिलं काम म्हणजे बाकीचे सगळे पेपर चाळणं. आपल्याकडे नसलेली एखादी बातमी दुसऱ्याकडे दिसली की पोटात गोळा यायचा, कारण थोड्याच वेळात वरून फोन ठरलेला: "त्यांच्याकडे आहे, आपल्याकडे का नाही?" बातमी सुटणे म्हणजे आमच्या धंद्यात मोठी नामुष्की. या एका प्रश्नाच्या धाकाने आम्ही महापालिकेच्या महासभेला शेवटपर्यंत बसायचो. विषयपत्रिकेवरचे विषय संपले की निम्मे नगरसेवक उठून जायचे, आणि खरे विषय त्यानंतर यायचे. ऐनवेळचे विषय. एखाद्या जागेचं आरक्षण उठवणं, एखाद्या ठेक्याला मुदतवाढ, असं काहीतरी त्यात हळूच घुसवलेलं असायचं. पत्रिकेवर नाही, चर्चा नाही, वाचून दाखवणं नाही. दुसऱ्या पेपरचा माणूस बसलाय म्हणून मी बसायचो, आणि मी बसलोय म्हणून तो. आमच्यातल्या कुणालाही एकट्याला ठेवलं असतं तर तो सहाच्या आत घरी गेला असता आणि दुसऱ्या दिवशी जनसंपर्क विभागाची प्रेसनोट लावली असती. हे मी आळसाबद्दल बोलत नाहीये. माणूस कामसू असला तरी एका माणसावर महापालिका, जिल्हा परिषद, पोलीस आणि न्यायालय असं सगळं टाकलं की प्रेसनोटशिवाय त्याच्या हातात दुसरं काही उरत नाही.

दुसरं असं की आपल्या महापालिकेची मुदत २०२३ मध्ये संपली आणि प्रशासक आले. त्या काळात नगरसेवक नव्हते, महासभा नव्हती. निर्णय बंद खोलीत व्हायचे. अशा वेळी कागद बाहेर काढायला दोन-तीन जण एकमेकांच्या पुढे धावत असतील तरच कागद बाहेर येतो. कार्यालयातला जो कारकून कागद देतो, त्यालाही ठाऊक असतं की एकाने नाही छापलं तर दुसरा छापेल. एकच पेपर असेल आणि त्या पेपरचं साहेबाशी सूत असेल, तर तो कारकून कुणाकडेच जात नाही. न आलेल्या बातमीचा हिशेब कुणी ठेवत नाही, म्हणून नुकसान दिसत नाही.

सरळमार्गी

धागाकर्त्याच्या भावनेचा आदर आहे, पण चित्र फार गोड रंगवलंय. चार गोष्टी स्पष्ट लिहितो.

२००९ च्या विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचं प्रकरण महाराष्ट्रात गाजलं. त्यात काय दिसलं? एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या पेपरांत एकाच नेत्याचं कौतुक करणारा तोच मजकूर, शब्दाला शब्द. पेपर तीन आणि लेख एक. प्रेस कौन्सिलने त्यावर उपसमिती नेमली, निवडणूक आयोगाने जिल्ह्याजिल्ह्यात माध्यम प्रमाणन आणि संनियंत्रण समित्या आणल्या. पेपर तीन असले तरी दुकान एकच असू शकतं.

शिवाय आपल्याकडची स्पर्धा बातमीची कमी आणि बक्षिसांची जास्त होती. कुपनं कापा, तक्त्यावर चिकटवा आणि कुकर न्या. किमती पाडायच्या, तोटा सोसायचा, समोरच्याचा खप खायचा. त्यात टिकतो तो मोठ्या भांडवलाचा. चांगल्या बातमीचा टिकतो असं नाही.

जाहिरातीचा बाजार तेवढाच आहे. तो पाच जणांत वाटला की पाचांपैकी कुणालाच चांगला बातमीदार पोसता येत नाही. तालुक्याचा वार्ताहर मग जाहिरात आणणारा एजंट होतो. ज्याच्याकडून जाहिरात आणायची त्याचीच बातमी लिहायची. फ्रान्समधल्या स्थानिक पेपरांचा १९४४ ते २०१४ असा दीर्घ काळ धरून झालेला एक अभ्यास आहे. त्यात हेच निघालं. पेपरांची संख्या वाढली की प्रत्येकाचे पत्रकार कमी होतात आणि गंभीर बातम्या घटतात, विशेषतः जिथले लोक एकाच धाटणीचे आहेत तिथे.

माझ्या मते एक धडधाकट पेपर हा पाच मरतुकड्या पेपरांपेक्षा बरा.

वाळव्याचा शेतकरी

सरळमार्गी साहेब, तुमचं ते फ्रान्सचं असेल खरं. मी हळदीचं सांगतो.

जानेवारी-फेब्रुवारीत सांगलीच्या मार्केट यार्डात नव्या हळदीचे सौदे सुरू होतात. मुहूर्ताच्या सौद्याला पुढारी येतात, नारळ फुटतो, एखाद्या लॉटला चढा दर दिला जातो. दुसऱ्या दिवशी पेपरात मोठ्या अक्षरात येतं, "हळदीला उच्चांकी दर". गावात तो पेपर हातोहात फिरतो. ज्यानं हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून ठेवलीय तो गाडी ठरवतो, उसनवारी फेडायचा शब्द देऊन बसतो. आणि यार्डात गेल्यावर त्याच्या मालाला मिळतो तो दर भलताच असतो. मग आडत्याशी भांडण, हमाली-तोलाईवरून वाद आणि शेवटी मिळेल त्या दराला माल टाकून परत. कारण परत आणायचं भाडं कोण देणार?

तो उच्चांकी दर खोटा नसतो. चार-दोन पोत्यांच्या एका चांगल्या लॉटला तो खरंच मिळालेला असतो. पण आमच्याकडे एक दुसरा पेपर येतो, तो आतल्या पानावर बारीक अक्षरात तक्ता छापतो. राजापुरी हळकुंड वेगळं, गड्डा वेगळा, आवक किती पोती, किमान, कमाल, सरासरी. माझे वडील पहिल्या पेपरचा मथळा वाचायचे आणि दुसऱ्या पेपरचा सरासरीचा रकाना बघून गाडी भरायची की नाही ते ठरवायचे. दोन्ही लागायचे. मथळ्यावरून बाजाराची हवा कळायची आणि तक्त्यावरून आपल्याला काय पडणार ते.

आणि गंमत अशी की दुसरा छापतो म्हटल्यावर दोन-तीन हंगामांनी पहिल्यानंही तक्ता सुरू केला. कुणी अर्ज केला नव्हता, मोर्चा काढला नव्हता.

जुना बातमीदार

वर शेतकरी दादांनी लिहिलंय ते मी आतून पाहिलंय. तक्ता गोळा करायला रोज यार्डात माणूस पाठवावा लागतो किंवा बाजार समितीतून आकडे आणावे लागतात. हे कंटाळवाणं काम आहे आणि त्यातून जाहिरात मिळत नाही. समोरच्याचे अंक शेतकरी त्यासाठी घेतात हे वितरण विभागाने सांगितल्याशिवाय कुठलाही पेपर हे काम सुरू करत नाही.

सरळमार्गी यांच्या पहिल्या मुद्द्याला उत्तर: तोच मजकूर तीन पेपरांत आला हे कळलं कसं? तीन पेपर समोरासमोर ठेवले म्हणून. एकच पेपर असता तर तो लेख लोकांनी बातमी म्हणून वाचला असता आणि विषय संपला असता.

पण त्यांचा वार्ताहराबद्दलचा मुद्दा मला खोडता येत नाही. तालुक्यातल्या वार्ताहराला मानधन तुटपुंजं आणि जाहिरातीवर कमिशन, ही आपल्या पत्रकारितेची सगळ्यात दुखरी जागा आहे. आणखी एक वाईट सवय मी पाहिली आहे. स्पर्धक पेपरांचे बातमीदार पत्रकार परिषदेनंतर एकत्र बसून बातम्या वाटून घेतात. एक लिहितो आणि बाकीचे तीच पाठवतात. जिथे असं चालतं तिथे पेपर पाच असूनही डोळे एकाच माणसाचे असतात. वाचनालयाने पेपर निवडताना हे बघावं. किती पेपर आहेत यापेक्षा त्यातल्या किती जणांचा स्वतःचा माणूस सांगलीत फिरतोय ते महत्त्वाचं.

मिरजकर

मी मूळची मिरजेची, सध्या अमेरिकेत डेन्व्हरला असते. "एक धडधाकट पेपर बरा" हे वाक्य वाचून राहवलं नाही.

इथे दोन मोठी दैनिकं होती. रॉकी माउंटन न्यूज हा १८५९ मध्ये सुरू झालेला आणि दुसरा डेन्व्हर पोस्ट. शंभर वर्षांहून जास्त काळ दोघांची चुरस होती. २००१ पासून दोघांनी छपाई, वितरण आणि जाहिराती एकत्र केल्या, पण संपादकीय विभाग वेगळे ठेवले, म्हणजे बातमीसाठी भांडत राहायचं आणि यंत्र एक वापरायचं. अमेरिकेत १९७० पासून अशा व्यवस्थेला परवानगी देणारा कायदाच आहे. तरीही २७ फेब्रुवारी २००९ ला रॉकीचा शेवटचा अंक निघाला.

सरळमार्गी म्हणतात त्याप्रमाणे उरलेला पेपर धडधाकट व्हायला हवा होता. सगळा वाचक त्याचा, सगळी जाहिरात त्याची. झालं उलटं. तो एका गुंतवणूक फंडाच्या ताब्यात होता आणि तिथे कपातीवर कपात होत गेली. २०१८ च्या एप्रिलमध्ये त्या पेपरच्या संपादकीय पानानेच मालकांविरुद्ध लिहिलं. अडीचशेच्या वर असलेला पत्रकारवर्ग शंभरच्या खाली आला होता. समोर कुणी नसल्यावर माणसं कमी केली तरी वाचक जाणार कुठे, असा मालकाचा हिशेब होतो. त्याच वर्षी तिथून बाहेर पडलेल्या काही पत्रकारांनी स्वतःचं वेगळं वृत्तमाध्यम काढलं, म्हणजे गावाला दुसऱ्याची गरज होतीच.

सिनसिनाटी शहरातही दोन होते. त्यातला सिनसिनाटी पोस्ट ३१ डिसेंबर २००७ ला बंद झाला. प्रिन्स्टनच्या अभ्यासकांनी त्यानंतरच्या स्थानिक निवडणुका तपासल्या. ज्या उपनगरांत तो पेपर जास्त बातम्या द्यायचा तिथे उभे राहणारे उमेदवार कमी झाले, मतदान घटलं आणि आधीपासून खुर्चीवर असलेल्यांचं निवडून येणं सोपं झालं. अभ्यास लहान आहे, हे त्यांनी स्वतःच म्हटलंय. पण प्रभागात कोण उभं आहे हेच लोकांना कळलं नाही तर दुसरं काय होणार?

टेंभूकर

मी कराडजवळचा. टेंभूचं नाव आता उपसा सिंचन योजनेमुळे सगळ्यांना माहीत आहे, पण गोपाळ गणेश आगरकरांचा जन्मही इथलाच, १८५६ चा. केसरीचे पहिले संपादक तेच. टिळकांशी मतभेद झाले, १८८७ मध्ये त्यांनी केसरी सोडला आणि १८८८ मध्ये त्याच पुण्यात सुधारक काढला. मुलींचं संमतिवय वाढवणाऱ्या १८९१ च्या विधेयकाला केसरीचा विरोध आणि सुधारकचा पाठिंबा. ही साप्ताहिकं होती, दैनिकं नव्हेत, हे मान्य. पण एकाच गावात दोन छापखाने एकमेकांना उत्तर देत असले की लोकांना विचार करायची सवय लागते, ही आपलीच परंपरा आहे. धागाकर्त्याने मतांचा मुद्दा फार लवकर बाजूला सारला असं मला वाटतं.

गावभागकर

टेंभूकर, आगरकरांचं नाव निघालं हे बरं झालं. मुद्दा बाजूला सारला तो एवढ्यासाठी की मत आज कुणीही फुकट लिहू शकतं. महासभेत चार तास बसणं मात्र फुकट होत नाही.

ॲडव्होकेट कुपवाड

दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. पहिली इतिहासातली, कारण ती एका मराठी पेपरचीच आहे.

लहान पेपरांना मोठ्यांनी गिळू नये म्हणून केंद्राने १९५६ मध्ये कायदा केला आणि त्याखाली १९६० मध्ये आदेश काढला. किती किमतीला किती पानं द्यायची, हे सरकार ठरवणार. जाहिरातींच्या जागेवर बंधन घालायचा अधिकारही त्या कायद्यात होता. मोठ्याने कमी पैशांत भरपूर पानं देऊन धाकट्याला मारू नये, हा हेतू. पुण्याचा सकाळ त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने १९६१ मध्ये तो कायदा आणि आदेश घटनाबाह्य ठरवला. पानं कमी करायला किंवा किंमत वाढवायला लावलं की खप घटतो, आणि खपावर घाव म्हणजे अभिव्यक्तीवर घाव. एकाला बोलायला जागा मिळावी म्हणून दुसऱ्याचं बोलणं कमी करायचा अधिकार सरकारला नाही. माझ्या मते निकाल योग्यच होता. पण त्याचा परिणाम असा की लहान पेपर टिकवण्याची जबाबदारी सरकारवरून उतरली आणि घेणाऱ्यांवर आली. घेणाऱ्यांत वाचनालयंही आली.

दुसरी गोष्ट रोजच्या व्यवहारातली आणि ती बैठकीत नक्की सांगा. जमीन किंवा फ्लॅट घेताना वकील जाहीर नोटीस देतात. अमुक गट नंबरची मिळकत आमचे अशील घेत आहेत, कुणाची हरकत असल्यास इतक्या दिवसांत कळवा. मुदत गेली की हरकत नाही असं समजून व्यवहार पुढे सरकतो. आता, ज्याला व्यवहार गुपचूप उरकायचा आहे तो नोटीस कुठल्या पेपरात देतो? त्या गावात ज्याचा खप जवळजवळ नाही अशा. बहिणींचा हिस्सा डावलून विकलेल्या जमिनींच्या फायलींत मी अशी कात्रणं पाहिली आहेत. जुन्या गिऱ्हाइकांपैकी एका बाईंना अशीच नोटीस वाचनालयात बसलेल्या शेजाऱ्याने दाखवली म्हणून त्या मुदतीत हरकत घेऊ शकल्या. तो पेपर त्या गल्लीत कुणाच्याच घरी येत नव्हता, फक्त वाचनालयात येत होता. तुमच्या प्रस्तावात नेमका तसलाच पेपर आधी बंद होणार. निविदांच्या नोटिसांचंही तेच आहे. ज्या ठेकेदाराला दुसरं कुणी यायला नको असतं, त्याची इच्छा असते की जाहिरात कुणी वाचू नये.

पेपरलाइन

मी पेपर टाकतो ओ. वडलांपासून लाइन हाय आमची. पहाटे गाडी आली की गठ्ठे सोडायचे, पुरवण्या घालायच्या आन सायकली सुटायच्या.

सरळमार्गी सायेब म्हणत्यात ते किमतीचं खरं हाय. किमती पाडल्या तवा आमचं कमिशनबी कमी झालं, कारण कमिशन किमतीवर मिळतं. आन बक्षिसाच्या कुपनासाठी लोकांनी पेपर घेतला, बक्षीस मिळालं की सोडला. पण एक सांगतो, ज्या घरात दोन पेपर जायचे तिथली माणसं तक्रार लै करायची. "काल त्या पेपरात आलंय ते ह्यात का न्हाई?" म्हणून मला इचारायची, जसं काय मीच छापतोय. मी ते हापिसात जाऊन सांगायचो. आता एकच पेपर घेणाऱ्याला काय सुटलंय तेच ठावं नसतं, मग इचारणार काय?

२०१९ च्या पुरात गावभाग, खणभाग, मारुती चौक सगळं पाण्यात. कोल्हापूरकडं शिरोलीला हायवे बंद. गठ्ठे कुठनं येणार? ज्या पेपरचा गठ्ठा पोचला तो आम्ही वर विश्रामबागेत, जिथं लोक सोय म्हणून राहिले होते तिथं वाटला. एकाची गाडी अडकली तरी दुसऱ्याची दुसऱ्या वाटेनं आली. हे पण धरा हिशेबात.

नवी वाचक

मी पेपर हातात घेऊन वाचणाऱ्या पिढीतली नाही, मोबाइलवरच वाचते. तरीही माझं मत धागाकर्त्याच्या बाजूने आहे, आणि कारण पुराचंच आहे.

आपल्या सगळ्यांना कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीचे आकडे पाठ आहेत. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. त्या दिवसांत आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर काय काय आलं! कोयना धरणाला तडा गेला, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचे दरवाजे बंदच ठेवलेत, अमुक वाजता लाट येणार. कुणी लिहिलं हे कुणालाच माहीत नाही. आजीला घेऊन रात्री घर सोडायचं की नाही, हे त्या मेसेजवर ठरत होतं. शेवटी मामाने दोन पेपरांच्या पानांचे फोटो पाठवले. एकात पातळी जास्त होती, दुसऱ्यात कमी. आधी वाटलं, यांचाही भरवसा नाही. मग नीट वाचलं तर एकाने रात्रीची नोंद दिली होती आणि दुसऱ्याने पहाटेची. दोन्ही खरे. आणि दोन्ही जोडल्यावर पाणी कोणत्या वेगाने चढतंय ते कळलं, जे एकट्या आकड्याने कळलं नसतं.

पेपरच्या शेवटच्या पानावर तळाला बारीक ओळ असते. मुद्रक, प्रकाशक, संपादक, पत्ता, आणि बातम्यांच्या निवडीची जबाबदारी कुणाची ते. १८६७ च्या कायद्यापासून नावं छापणं भाग आहे. २०२३ चा नवा कायदा आता त्याच्या जागी आलाय. फॉरवर्ड केलेल्या मेसेजला असा तळ नसतो. चुकीचं छापलं तर कुणाच्या दारात जायचं ते पेपरच्या बाबतीत माहीत असतं, आणि तिथे दाद मिळाली नाही तर शेजारच्या पेपरचं दारही असतं. पूर ओसरल्यावर पंचनाम्याच्या यादीतून आमच्या गल्लीतली काही नावं गळली होती. एका पेपरच्या कार्यालयात "साहेबांशी बोलून बघतो" म्हणाले, दुसऱ्याने दुसऱ्याच दिवशी छापलं. मग पहिल्यानेही छापलं.

सरळमार्गी

जाहीर नोटिसांचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता, तो वजनदार आहे. डेन्व्हरचं उदाहरणही विचार करायला लावणारं आहे. पण माझा एक आक्षेप कायम आहे. वाचनालयाने पाचही घेतले तरी वार्ताहराला पगार मिळणार नाही. पेपर चार रुपये, पाच रुपयांना मागायचा आणि बातमी मात्र निर्भीड हवी, हे वाचकांनी थांबवलं पाहिजे. ज्या दिवशी सांगलीकर स्थानिक बातमीसाठी पूर्ण किंमत मोजायला तयार होतील, त्या दिवशी मी स्पर्धेच्या बाजूने बोलेन.

जुना बातमीदार

हे मात्र शंभर टक्के खरं. छपाईचा खर्चही विक्रीच्या किमतीतून निघत नाही, म्हणून तर संपादकापेक्षा जाहिरात विभागाचं जास्त चालतं.

गावभागकर

सगळ्यांचे मनापासून आभार. बैठकीत काय करायचं ते आता ठरलंय. भाषण करणार नाही. बैठकीच्या आधी आठवडाभर वाचनालयातल्या फलकावर एकाच घटनेच्या वेगवेगळ्या पेपरांतल्या बातम्या शेजारी-शेजारी लावणार. महापालिकेची एक, एखाद्या संस्थेच्या सभेची एक आणि यार्डातल्या दरांची एक. "सगळ्यांत तेच असतं" म्हणणाऱ्या सदस्यांनी उभं राहून वाचावं आणि मग मत द्यावं. ज्या दिवशी खरंच सगळ्यांत तेच असेल, प्रेसनोट जशीच्या तशी, तेही लावणार. बातमीदार काकांनी सांगितलेली कसोटी मला पटली. पाचपैकी एखाद्याचा स्वतःचा माणूस गावात नसेल आणि तो नुसती प्रेसनोट छापत असेल, तर तो बंद करायला माझी हरकत नाही. पण जे दोन-तीन खरोखर एकमेकांच्या पुढे धावतात ते राहिले पाहिजेत.

खर्चाचं म्हणाल तर वाचनालयाच्या रद्दीचे पैसे आजवर किरकोळ खर्चात जात होते. ते पेपरच्या बिलाकडे वळवावेत, असा ठराव मांडतोय.

ॲडव्होकेट कुपवाड

रद्दीबद्दल जपून. स्थानिक पेपरांचे जुने अंक सरसकट विकू नका. निदान जाहीर नोटिसांची पानं तरी काही वर्षं फाइल करून ठेवा. वाटणीच्या दाव्यात तारीखवार कात्रण लागतं आणि ऐनवेळी ते कुठेच मिळत नाही. आणि ठराव तुमच्या विरोधात गेला तर तुमचा विरोध इतिवृत्तात नावानिशी नोंदवून घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी विषय पुन्हा आणता येईल.

वाळव्याचा शेतकरी

दराची पानं लावणार असाल तर सौद्याच्या दुसऱ्या दिवशीची लावा, मुहूर्ताच्या दिवशीची नको. माझ्याकडे मागच्या हंगामाची कात्रणं आहेत, यार्डात येईन तेव्हा आणून देतो.